पावडरी फुलांचा परफ्यूम आपल्या ठाणे-वाशीच्या हवेत कसा लावायचा

दुकानात जायच्या आधी घरातलं कपाट उघडा. आईच्या किंवा सासूबाईंच्या साड्यांच्या घडीत बकुळीची वाळलेली फुलं असतील तर ती हुंगा, नसतील तर पावडरचा डबा घ्या आणि झाकण काढल्यावर जो पहिला हलका धुरळा उडतो ना तो नाकात जाऊ द्या, जुनी लिपस्टिक असेल तर तिचा वास घ्या, दिवाळीचं उरलेलं उटणं कुठल्यातरी बरणीत असतंच, तेही बघा. या सगळ्यांमध्ये एक सारखेपणा आहे, काहीतरी मऊ, कोरडं, किंचित गोडसर, जवळ गेल्याशिवाय न कळणारं. ते तुम्हाला आवडलं तर पावडरी फ्लोरल परफ्यूम तुमच्यासाठीच आहेत. नाही आवडलं तर कितीही भारी बाटली घेतलीत तरी ती दोन आठवड्यांत ड्रॉवरमध्ये मागे जाणार, त्यामुळे ही फुकटातली टेस्ट आधी करा.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते, ऑफिस वाशीला, रोज ट्रान्स हार्बर लोकलने येजा, आणि हे असले परफ्यूम बरीच वर्षं वापरतेय. एक वाक्य मला सारखं ऐकायला मिळतं की हे आपल्या हवेत चालत नाहीत, उकाड्यात डोकं उठवतात, ते थंड देशातल्या लोकांसाठी असतात. मला हे पटत नाही. चालतात, आणि फार सुंदर चालतात, फक्त आपण डिओ मारतो तसे मारले तर नाही चालत. कमी लावायचे, घामाच्या जागांपासून लांब लावायचे आणि लावल्यावर निदान अर्धा तास त्यांच्याबद्दल काहीही मत बनवायचं नाही. बाकी सगळं यातूनच येतं.

आधी थोडं हा पावडरचा वास येतो कुठून ते, कारण ते कळलं की लावायचं कसं हे आपोआप कळतं. यातला सगळ्यात मानाचा वास आयरिस नावाच्या फुलझाडाचा, पण तो फुलाचा नसतो, त्याच्या कंदाचा असतो. आपल्या हळदी-आल्यासारखा जमिनीखालचा कंद, तो काढायचा, सोलायचा, वाळवायचा आणि मग काही वर्षं नुसता ठेवून द्यायचा. ताज्या कंदाला तो वास जवळजवळ नसतोच, तो ठेवून ठेवून हळूहळू तयार होतो. इटलीत फ्लॉरेन्सच्या आसपास याची शेती फार जुनी आहे. त्यातून जे निघतं ते लोण्यासारखं घट्ट असतं म्हणून त्याला बटरच म्हणतात, आणि इतकी वर्षं थांबायचं म्हटल्यावर ते महाग असणारच. युरोपात पूर्वी याच कंदाची पूड चेहऱ्याच्या पावडरीत घालायचे, म्हणजे परफ्यूमला पावडरचा वास येतो असं आपण म्हणतो ते थोडं उलटं आहे, पावडरलाच आधी या कंदाचा वास होता.

दुसरा वास व्हायलेटचा. त्या इवल्याशा जांभळ्या फुलातून वास काढणं भयंकर खर्चिक काम होतं, मग 1893 मध्ये टीमान आणि क्रुगर या जर्मन केमिस्टांनी व्हायलेटसारखा वास देणारं आयोनोन बनवलं, तेही सिट्रल वापरून. आणि सिट्रल म्हणजे काय, तर आपल्या गवती चहाचा जो वास आहे ना तोच पदार्थ! पावसाळ्यात चहात टाकायला आणतो त्या पातीतल्या वासापासून व्हायलेटचा वास तयार होतो हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन एक पात चुरगाळून हुंगून आले होते. तिसरा हेलिओट्रोपिन, बदाम-व्हॅनिलाच्या मधला, लहान बाळाच्या कपड्यांसारखा गोड वास. त्याचं केमिस्ट्रीतलं नाव पायपेरोनल, आणि ते नाव आलंय मिरीवरून, कारण पहिल्यांदा तो मिरीतल्या पदार्थापासून बनवला होता. म्हणजे पावडरी वास फार परका वगैरे वाटत असेल तर गवती चहा आणि मिरी या दोन्ही आपल्याच घरातल्या गोष्टी आहेत. आणि तसंही सुगंधाचा धंदा आपल्याला कुठे नवीन आहे, 1922 साली सुरू झालेली एस. एच. केळकर ही एवढी मोठी सुगंधाची कंपनी इथे शेजारी मुलुंडलाच तर आहे. या तिन्ही वासांच्या खाली मग मस्क, म्हणजे कस्तुरीसारखा वास, असतो, तो सगळ्याला मऊ करतो आणि अंगावर धरून ठेवतो.

आता यात लक्षात घ्यायची गोष्ट ही की हे सगळे जड वास आहेत. लिंबू-संत्र्यासारखे पाच मिनिटांत उडून जात नाहीत. गरम त्वचेवर सगळंच लवकर उडतं, वरवरचं ताजं जे काय आहे ते तर मे महिन्यात तुम्ही लिफ्टमधून खाली येईपर्यंत संपतं, आणि मग खालचं जड सगळं एकदम वर येतं. डोकं उठतं ते यामुळे. परफ्यूम वाईट नसतो, जास्त झालेला असतो.

हे मी कसं शिकले ते सांगते. जानेवारीत एका मॉलमध्ये थंडगार एसीत एक आयरिसवाली बाटली घेतली होती, तीन-चार महिने मजेत वापरली, रोज गळ्याला पाच स्प्रे. मग मे आला. सोमवार सकाळ, ठाण्याहून वाशी गाडी, लेडीज डबा खचाखच, ऐरोली गेलं तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी ओढणी नाकाला लावली, रबाळ्याला त्यांनी मान खिडकीकडे वळवली आणि घणसोलीला अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण डोकं फार दुखायला लागलंय हो माझं." मला खूप वाईट वाटलं. मी उठून दारापाशी गेले, रुमाल ओला करून गळा पुसला, पण असले वास पाण्याने जात नाहीत, वाशीपर्यंत तो तसाच राहिला. त्या दिवसापासून उन्हाळ्यात गळ्याला परफ्यूम बंद.

मग लावायचा कुठे? माझी पद्धत अशी. आंघोळ झाली की अंग नीट कोरडं करून पंख्याखाली पाच मिनिटं बसायचं, कारण आंघोळीनंतर लगेच जो घाम येतो त्यावर लावलं की निम्मं वाया. मग जिथे लावायचंय तिथे बिनवासाचं लोशन किंवा बोटाच्या टोकाएवढं व्हॅसलीन, कोरड्या त्वचेवर वास टिकत नाही, थोडा ओशटपणा लागतो. खोबरेल तेल लावू नका, त्याचा स्वतःचा वास आहे आणि आयरिसबरोबर तो खवट वाटतो, निदान माझ्या अंगावर तरी. मग एक स्प्रे पोटावर, कपड्याच्या आत. एक हाताच्या मागच्या बाजूला. बस. उन्हाळ्यात दोन, थंडीत तीन, याच्यावर मी जात नाही. पोटावरचा वास कुर्त्यातून हळूहळू वर येतो, तुम्ही वाकलात, बसलात, उठलात की एक झुळूक येते, आणि शेजारच्याला फक्त तुम्ही जवळ आलात तरच कळतं, पावडरी वासाचं सौंदर्य हेच तर आहे.

आणि हाताची मागची बाजू ही काही मी शोधलेली नाही. हळदीकुंकवाला गेलं की अत्तर कुठे लावतात? तळहाताला नाही, मनगटाला नाही, हात पालथा करून वर लावतात. तिथे घाम कमी येतो, आणि बोलताना हात हलला की वास पसरतो. आपल्या आज्यांना हे आपोआप माहीत होतं. मनगटावर लावून एकमेकांवर घासायची सवय असेल तर ती सोडा, घासल्याने गरम होऊन वरचे नाजूक वास लवकर उडतात, आणि तसंही मनगट दिवसभर घड्याळाच्या पट्ट्याखाली, टेबलावर, लॅपटॉपवर घासतच असतं.

घरातून निघायच्या वीस मिनिटं आधी लावा. डबा भरायच्या आधी, गॅस बंद केला का हे बघायच्या आधी. निघता निघता मारला की गाडीतल्या सगळ्यांना सुरुवातीचा अल्कोहोलचा भपका मिळतो आणि तुम्हालाही तोच लक्षात राहतो. मी एकदा सुट्टीच्या दिवशी मुद्दाम स्टेशनं मोजत बघितलं होतं, ठाण्याला प्लॅटफॉर्मवरच एक स्प्रे हातावर. दिघ्याला नुसता स्पिरिट आणि काहीतरी आंबटसर, ऐरोली-रबाळे गुलाब आणि साबण, कोपरखैरण्याला फूल असं वेगळं कळेना, सगळं एकत्र गोल झालेलं, तुर्भ्याला थोडं धातूसारखं थंड, आयरिसमध्ये ते येतं, घाबरू नका, आणि सानपाडा सोडून वाशीत शिरताना पहिल्यांदा ती पावडर, एकदम ओळखीची, जणू कुणीतरी शेजारी डबा उघडलाय. अर्धा तास लागला. ज्यांनी दिघ्यालाच "नको हा" म्हणून ठरवलं त्यांना वाशी भेटलंच नाही.

म्हणून खरेदीचा नियम. मॉलमध्ये कागदी पट्टीवर हुंगून विकत घेऊ नका. पट्टी थंड असते, तिला घाम येत नाही, तुम्हाला येतो. पट्टीवर फक्त निवड करायची, चारातले दोन काढायचे, मग एक डाव्या हातावर, एक उजव्या हातावर, आणि बाहेर पडायचं. एसीतून बाहेर. ठाण्यात असाल तर तलावपाळीला एक चक्कर मारा, गडकरी रंगायतनच्या समोर बसा, शेंगदाणे खा, किंवा वाशीत असाल तर मिनी सीशोअरला जा, पण दीड-दोन तास उघड्या हवेत तो हात असू द्या. सेल्सवाली कॉफीच्या बिया पुढे करते, त्याने नाक साफ होतं म्हणतात, पण साध्या हवेपेक्षा त्यांचा काही जास्त उपयोग होत नाही, त्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या आतली बाजू हुंगा जिथे काही लावलेलं नाहीये. आणि शक्य असेल तर पाच-दहा एमएलची छोटी डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून दिलेली कुपी, घ्या आणि ती एक आठवडा मे मध्ये आणि एक आठवडा जुलैमध्ये वापरा, तेच तुमचं उत्तर.

नावं विचाराल तर मी चारच सांगेन. केंझोचा फ्लॉवर, 2000 सालचा, बाटलीवर पॉपीचं, म्हणजे खसखशीच्या जातीतलं, लाल फूल आहे पण त्या फुलाला स्वतःला सांगण्यासारखा वास नाही, आत आहे व्हायलेट, गुलाब आणि पांढरा मस्क, सुरुवात करायला हाच सोपा. प्राडाचा इन्फ्युजन दिरिस, 2007 चा, धुऊन इस्त्री केलेल्या कॉटनसारखा, आपल्या उन्हाळ्यात मला याच्याइतका दुसरा कुठला जमलेला नाही. शनेल नंबर 19, 1970-71 च्या सुमाराचा, आयरिस आणि हिरवा, थोडा कडक, सगळ्यांना झेपणारा नाही पण ऑफिसात मीटिंगच्या दिवशी लावला की पाठ आपोआप ताठ होते. आणि गेर्लांचा लर ब्ल, 1912 चा, तो फक्त डिसेंबर-जानेवारीत, रात्री, एकच स्प्रे. खूप जड आहे, पण त्या वासात जी संध्याकाळ आहे ती मला दुसऱ्या कशातच सापडली नाही. बजेट कमी असेल तर यातलं काहीच लागत नाही, मोहम्मद अली रोडला अत्तरवाल्यांकडे जा आणि सरळ "पावडरी काहीतरी, मस्कवालं" असं सांगा, ते बरोबर दोन-तीन कुप्या काढतात. अत्तरात अल्कोहोल नसतो म्हणून तो भपकाही नसतो, कापसाच्या बोळ्याने टिपूसभर लावलं की झालं.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण जून ते सप्टेंबर इथे कपडे वाळत नाहीत. अर्धवट वाळलेल्या कुर्त्याला जो कुबट वास असतो त्यावर आयरिस मारलात तर दोन्ही मिळून बंद घरातल्या जुन्या कपाटाचा वास येतो, आणि मग लोक म्हणतात पावडरी परफ्यूम म्हाताऱ्यांचे. आधी कपडा कोरडा करा. ओढणीवर इस्त्री फिरवा, पूर्ण गार होऊ द्या, मग ओढणीच्या आतल्या टोकाला एक हातभर अंतरावरून स्प्रे. कॉटनवर पावडरी वास त्वचेपेक्षाही छान बसतो, आणि घामाशी संबंधच येत नाही. पावसाळ्यात मी अंगाला लावतच नाही, फक्त ओढणी. ऑक्टोबर हीटमध्ये परत पोटावर एक, तेवढंच.

पण सिल्कवर नाही. कधीच नाही. चुलत बहिणीच्या लग्नाला मी आईची पैठणी नेसले होते आणि हॉलवर पोचल्यावर घाईघाईत पदरावर दोन स्प्रे मारले. वाळल्यावर मोराच्या बरोबर खाली वाटीएवढा गोल डाग, कडेला थोडा गडद, आणि काही महिन्यांनी कपाटातून काढली तेव्हा तिथली जर काळपट पडलेली. आईने एक शब्दही काढला नाही, डाग आत जाईल अशी घडी घातली आणि ठेवून दिली. मला अजून ते आठवलं की पोटात तुटतं. त्यामुळे साडी नेसणार असाल तर परफ्यूम परकर-ब्लाऊज घालायच्याही आधी, अंगावर, आणि मग दहा मिनिटं थांबून बाकीचं. मोत्यांचंही तसंच, नथ, तन्मणी, कुड्या सगळं सगळ्यात शेवटी, मोत्यांची चकाकी परफ्यूमने खरंच जाते.

गजरा माळणार असाल तर अजून एक विचार करा. मोगऱ्यापुढे व्हायलेट-आयरिस टिकत नाहीत, मोगरा सगळं खाऊन टाकतो आणि वर दोन्हींचं मिश्रण उग्र होतं. मोगऱ्याचा गजरा असेल त्या दिवशी बाटलीला हात लावू नका, गजराच परफ्यूम आहे. अबोलीचा गजरा असेल तर बिनधास्त लावा, अबोलीला वासच नसतो, रंग तिचा आणि सुगंध तुमचा. टॅल्कम पावडरीचंही हेच, वासाची पावडर आणि वर पावडरी परफ्यूम असं दोन्ही नको, एकमेकांशी भांडतात.

अजून एक गोष्ट जी सगळ्यांच्या बाबतीत होते. दुपारी बारा-साडेबाराला वाटतं की वास गेला. आयोनोनची खासियत अशी की तो नाकाला थोड्या वेळासाठी थकवतो, वास येतो, गायब होतो, परत येतो. त्यात काही मस्क तर काही लोकांच्या नाकाला कळतच नाहीत, जन्मजात. त्यामुळे स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवून परत मारू नका, शेजारच्या मैत्रिणीला विचारा, "ए, येतोय का गं वास?" माझी ऑफिसातली मैत्रीण दर वेळी येतोय म्हणते, मला स्वतःला अजिबात येत नसतो तेव्हासुद्धा. जेवून, हात धुऊन, जरा खाली चक्कर मारून या, परत आल्यावर तो तुम्हालाही भेटतो.

दवाखान्यात, बाळंतिणीला बघायला, छोट्या मीटिंग रूममध्ये, दमा किंवा मायग्रेन असलेल्या माणसाबरोबर प्रवासात, नाही लावायचा. यावर चर्चा नको.

बाटली खिडकीत ठेवू नका, आपल्या फ्लॅट्समध्ये पश्चिमेचं ऊन चार वाजता बरोबर त्या कट्ट्यावर येतं. बाथरूममध्येही नको, तिथे रोज वाफ. खोक्यासकट कपाटात, साड्यांच्या मागे, तिथे सगळ्यात गार असतं.

आणि एखादा परफ्यूम डिकँटमध्ये आवडलाय पण मोठी बाटली घ्यायची की नाही हे ठरत नसेल तर त्या दिवशीची ओढणी धुवायला टाकू नका. घरी आल्यावर खुंटीला लावा, पंख्याच्या वाऱ्यात रात्रभर राहू द्या. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, दात घासायच्याही आधी, ती नाकाशी धरा. फुलं सगळी गेलेली असतात, उरलेली असते फक्त ती पावडर आणि थोडा मस्क, कुणीतरी आत्ताच कुशीतून उठून गेल्यासारखा वास. तो आवडला तर घ्या बाटली.